कडेला उभी असलेली माणसं

१९१८ सालच्या अश्विनात बार्शीटाकळीच्या आखाड्यात एकही पोरगा उतरला नाही, पण आखाड्याची माती रोज उकरली जात होती. हे मी माझ्या सासऱ्यांकडून, आबाजींकडून ऐकलं आणि त्यांनी त्यांच्या वडिलांकडून. वडील तेव्हा तेरा वर्षांचे. तापातून उठून, भिंतीला धरत धरत पहिल्यांदा घराबाहेर आले तेव्हा त्यांना वस्ताद दिसला. एकटाच. धोतराचा काचा मारलेला, हातात फावडं. एका टोकापासून माती उकरत दुसऱ्या टोकाला जायचा, ढेकळं हातानं फोडायचा, खडे वेचून बाहेर टाकायचा, पाणी शिंपडायचा आणि निघून जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एरवी त्या मातीत तेल, ताक, हळद पडायची. त्या साली तेल कुठलं आणि ताक कुठलं! नुसतं पाणी.

वस्ताद मुसलमान होता. वस्तादाचं नाव घ्यायची रीत नव्हती, त्यामुळे आबाजींच्या वडिलांनी ते कधी घेतलं नाही आणि आबाजीही नुसतं वस्तादच म्हणतात. त्याच्या घरातली दोन माणसं त्याच महिन्यात गेली होती. "माती बसली का दगड होते," एवढंच तो म्हणायचा. पोरं परत आली तर त्यांच्या पाठी सोलून निघू नयेत म्हणून त्याचं हे चाललं होतं. पोरं परत येणार की नाही, हे मात्र त्या महिन्यात गावात कोणालाच सांगता आलं नसतं.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी ही गोष्ट ऐकते आहे. ती माझ्या अंगात उतरली २०२० साली, आणि तीही इंग्लंडातल्या फुटबॉलमुळे.

आमचं गाव अकोल्याहून मंगरूळपीरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, तालुक्याचं. विद्रूपा नदीच्या काठी कालंका देवीचं बाराव्या शतकातलं काळ्या दगडाचं देऊळ आहे. त्यात शके १०९८ चा शिलालेख आहे, म्हणजे साडेआठशे वर्षांपूर्वी इथं कोणाला तरी काहीतरी दगडावर लिहून ठेवावंसं वाटलं होतं. अकोला-पूर्णा रेल्वे गावावरून जाते. २००८ पर्यंत ती छोटी गाडी होती, आता मोठी आहे. शिवारात पराटी, तूर, सोयाबीन. पोरांचे खेळ म्हणजे क्रिकेट आणि कबड्डी. फुटबॉल आमच्या शाळेच्या साहित्याच्या पेटीत होता, हवा गेलेला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तो चेंडू मैदानावर आलेला मला आठवत नाही.

आमचा मुलगा पुण्याला नोकरीला. टाळेबंदीच्या दोन दिवस आधी तो घरी आला आणि वर्षभर इथंच राहिला. कॉलेजपासून त्याला लिव्हरपूल या संघाचं वेड. तीस वर्षांत त्या संघाला इंग्लंडच्या लीगचं विजेतेपद मिळालं नव्हतं, आणि त्या वर्षी तो दुसऱ्या क्रमांकापेक्षा २५ गुणांनी पुढे होता. दोन सामने जिंकले की झालं. तेवढ्यात आर्सेनलचे प्रशिक्षक मिकेल आर्टेटा यांना कोरोना झाल्याचं कळलं आणि १३ मार्च २०२० ला प्रीमियर लीग थांबली. हंगाम रद्दच करावा असंही तिकडं बोललं जाऊ लागलं. पोरगा जेवणावर नीट बसेना. आबाजींनी एके दिवशी विचारलं, "काय झालं बे तुले?" त्यानं सगळं समजावून सांगितलं. आबाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उभं पीक सोडून कोनी वावरातून येते का? थांबतीन, पन येतीन."

त्या दिवसापासून आजा आणि नातू यांचं जुळलं. रात्रीचे सामने पाहायला पंच्याऐंशी वर्षांचे आबाजी बसू लागले, आणि सामन्याच्या मध्ये, पंधरा मिनिटांच्या विश्रांतीत, १९१८ निघू लागलं.

ते साल वऱ्हाडात मानमोडीचं, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीचं, म्हणून ओळखलं जायचं. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. सैनिकांच्या बोटींबरोबर हा ताप जूनमध्ये मुंबई बंदरात उतरला आणि रेल्वेच्या रुळांवरून देशभर गेला. पहिला फेरा सौम्य होता, खरा घात सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या दुसऱ्या फेऱ्यानं केला. त्यात पावसानं दगा दिलेला. धान्य महाग, अंगात बळ नाही. म्हातारी आणि लेकरं जातात ही नेहमीची तऱ्हा. या तापानं मात्र विशीतिशीतली, कामाची, कर्ती माणसं उचलली. देशात दीड कोटीच्या आसपास माणसं गेली असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि सर्वांत जास्त मार बसलेल्या मुलखांत आमचा मध्य प्रांत आणि वऱ्हाड होता. १९२१ ची जनगणना झाली तेव्हा देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. भारताच्या जनगणनेच्या इतिहासात असं एकदाच घडलं.

या आकड्यांमागे काय होतं ते आबाजींच्या वडिलांनी पाहिलं होतं. गावातल्या मरणाची नोंद कोतवाल आणि पाटील यांच्याकडून वर जायची. पण नोंद करणाराच अंथरुणाला खिळला तिथं नोंद कोण करणार? खांदेकरी मिळत नव्हते म्हणून बंडीवरून प्रेतं न्यायचे. सरपणाला लाकूड पुरेना. "मरनाऱ्याले पाहनारं कोनी नव्हतं, ल्ह्यनारं त दूरच," आबाजी म्हणायचे. प्लेगच्या सालांत गाव निदान एकत्र बाहेर पडायचं. उंदीर पडायला लागले की लोक वावरात झोपड्या घालून राहायचे, तिथंच चुली, तिथंच भजन. मानमोडीत तेही नाही. प्रत्येक दार आपल्या आपल्यात बंद. कालंका देवीचं नवरात्र त्या साली पुजाऱ्याच्या घरानं तेवढं केलं, असं मायजी, माझ्या सासूबाई, सांगतात.

१७ जून २०२० ला प्रीमियर लीग पुन्हा सुरू झाली. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. ॲस्टन व्हिला विरुद्ध शेफिल्ड युनायटेड, बर्मिंगहॅममध्ये. मैदान रिकामं. खुर्च्यांवर कापडं अंथरलेली. खेळाडूंच्या पाठीवर स्वतःच्या नावाऐवजी कृष्णवर्णीयांच्या जिवाची किंमत सांगणारी ओळ. शिट्टी झाली आणि सगळे खेळाडू, पंचासकट, एका गुडघ्यावर बसले. आबाजींनी विचारलं, हे कोणासाठी? अमेरिकेत पोलिसानं मानेवर गुडघा दाबून मारलेल्या माणसासाठी, असं नातवानं सांगितलं. आबाजी बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग ती घटना घडली. शेफिल्डच्या ऑलिव्हर नॉर्वुडनं मारलेला चेंडू व्हिलाच्या गोलरक्षकानं झेलला आणि झेलता झेलता तो चेंडूसकट गोलरेषेच्या आत गेला. आमच्या खोलीत बसून आम्हा तिघांना दिसलं. पण इंग्लंडात गोल झाला की पंचाच्या मनगटावरच्या घड्याळात थरथर होते, आणि ती झाली नाही. चेंडू रेषेपार गेला का ते पाहायला सात कॅमेरे होते. गोलरक्षक, बचावपटू आणि खांब आड आल्यामुळे सातही आंधळे ठरले. नऊ हजारांहून जास्त सामन्यांत पहिल्यांदा असं झालं असं सांगून यंत्र चालवणाऱ्या कंपनीनं नंतर माफी मागितली. सामना ०-० सुटला. हंगाम संपला तेव्हा ॲस्टन व्हिला फक्त एका गुणानं तरला आणि बोर्नमथ खालच्या लीगमध्ये गेला.

आबाजी त्या रात्री खूप अस्वस्थ होते. "लोक असते त बोंबलले असते," ते म्हणाले. "पाठ लागली का नाही हे पंचाले एकट्याले नाही समजत. चारी बाजूनं लोक पाह्यतात. इकडून नाही दिसत, तिकडून दिसते. आमच्या दंगलीत पंच चुकला त लोक मातीत उतरत."

लोक ओरडले असते तरी पंचानं ऐकलं असतं का, कोण सांगणार. पण माझ्या मनात ते वाक्य रुतून बसलं. आपण प्रेक्षक म्हणजे तिकीट काढून टाळ्या वाजवणारा असं धरून चालतो. आबाजींच्या लेखी तो साक्षीदार आहे. चारी बाजूंनी पाहणारी माणसं नसली की जे झालं ते झालंच नाही असं ठरू शकतं. १९१८ च्या अश्विनात आमच्या गावात नेमकं हेच झालं होतं. किती माणसं गेली याला साक्ष उरली नाही. आणि २०२० मध्ये सरकारी नियमानं अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा होती. ज्यांनी गावाला आयुष्यभर खांदा दिला, त्यांना आम्ही ओट्यावरून हात जोडले.

दूरचित्रवाणीवाल्यांनी रिकाम्या मैदानाला एका व्हिडिओ गेममधून उचललेल्या गर्दीचा आवाज लावला होता. गोल झाला की कोणी तरी बटण दाबून जल्लोष वाढवायचं. आबाजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "हे खोटं गलबलं बंद कर." त्यानंतर आम्ही तो आवाज नसलेलं प्रक्षेपण निवडायचो. तेव्हा दुसरंच काही ऐकू यायला लागलं. गोलरक्षक सारखा ओरडत असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. प्रशिक्षक नावानं हाका मारतात. चेंडूला लाथ बसते तो आवाज ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा येतो.

२५ जूनला चेल्सीनं मँचेस्टर सिटीला २-१ हरवलं आणि न खेळता लिव्हरपूल विजेता ठरला. आपल्याकडे मध्यरात्र उलटून अडीच वाजून गेले होते. पोरगा अंगणात जाऊन उड्या मारत होता, तोंडावर हात दाबून, शेजारी जागे होऊ नयेत म्हणून. महिन्याभरानं, २२ जुलैला, लिव्हरपूलनं आपल्याच मैदानावर चषक उचलला. ज्या स्टँडवर एरवी हजारो लोक गळा काढून गातात, तिथं व्यासपीठ बांधलं होतं आणि खुर्च्यांवर चाहत्यांनी पाठवलेले फलक पसरलेले होते. माणसांच्या जागी कापड. तीस वर्षं वाट पाहिलेल्या म्हाताऱ्यांना घरातच बसून ते पाहावं लागलं.

काही जण तर तेवढेही उरले नव्हते. लीड्स युनायटेडचे जुने नामांकित बचावपटू नॉर्मन हंटर १७ एप्रिलला कोरोनानं गेले. लीड्स सोळा वर्षांनी वरच्या लीगमध्ये परतला तो त्यानंतर तीन महिन्यांनी. मँचेस्टर सिटीचे प्रशिक्षक पेप गार्डिओला यांची आई ६ एप्रिलला बार्सिलोनाजवळ याच रोगानं वारली. पुढे त्यांचा चेहरा पडद्यावर दिसला की मायजी पदराला हात लावायच्या. फुटबॉल त्यांना काडीचा कळत नव्हता, पण "याची माय गेली" हे त्यांच्या ध्यानात पक्कं राहिलं.

मायजींची स्वतःची आई मानमोडीनं पोरकी केलेली. आई-बाप एका आठवड्यात गेले, ती मावशीकडे वाढली. त्या मावशीची गोष्ट मायजी सांगतात. मावशीच्या घरात ताप शिरला नव्हता. ती पहाटे जात्यावर बसायची, भाकरी थापायची आणि टोपलीत घालून निघायची. ज्या घरातून धूर निघत नाही त्या घराच्या भिंतीवर भाकर ठेवायची, वर कांदा, आणि दाराला दगड मारून पुढं जायची. आत जायचं नाही, बोलायचं नाही. संध्याकाळी परतताना भाकर गेलेली दिसली की समजायचं, घरात कोणी तरी उठणारं आहे. तशीच दिसली की कोतवालाकडे जायचं.

ही गोष्ट त्या उन्हाळ्यात मला सारखी आठवत होती, कारण शाळा बंद आणि शाळेतली खिचडीही बंद. मग शासनानं कोरडा शिधा द्यायला सुरुवात केली. पालकांना ठरावीक वेळी बोलवून, चुन्यानं आखलेल्या गोलांत उभं करून आम्ही मुलांच्या वाट्याचा तांदूळ आणि डाळ मोजून द्यायचो. कित्येक आयांनी विचारलं की शाळा कधी उघडणार. अभ्यासाची काळजी होतीच, पण त्या विचारण्यात एका वेळच्या शिजलेल्या अन्नाचा प्रश्नही होता, आणि तो त्या तोंडानं बोलत नव्हत्या.

त्याच जूनमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या बावीस वर्षांच्या मार्कस रॅशफर्डनं इंग्लंडच्या खासदारांना जाहीर पत्र लिहिलं. गरीब मुलांना शाळेत मिळणारं जेवण उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद होणार होतं. ते चालू ठेवा, अशी मागणी. लहानपणी आपण स्वतः त्या जेवणावर वाढलो, आई दिवसभर राबूनही घरात पुरत नसे, हे त्यानं उघड लिहिलं. सरकारनं आधी नकार दिला आणि १६ जूनला, लीग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, निर्णय फिरवला. तेरा लाख मुलांसाठी १२ कोटी पौंड. मी हे आबाजींना वाचून दाखवलं तेव्हा मायजी आतून म्हणाल्या, "चांगल्या मायचं लेकरू हाये." मला त्या हंगामातली कुठलीही गोलसंख्या याच्यापुढे मोठी वाटत नाही.

श्रावण आला. अकोल्याच्या राजराजेश्वराची कावड यात्रा आबाजींच्या आयुष्याला लागून चालत आलेली. १९४४ साली पाऊस नव्हता तेव्हा लोकांनी गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरून, खांद्यावर आणून राजेश्वराला घातलं, तिथून ही प्रथा पडली असं सांगतात. आबाजी तेव्हा दहा वर्षांचे होते. शेवटच्या सोमवारी शेकडो भरण्यांच्या कावडी, ढोल, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा जिल्हा. २०२० मध्ये मोजक्या माणसांनी पाणी आणून परंपरा राखली. शेगावहून पंढरीला पायी जाणारी गजानन महाराजांची पालखीही त्या आषाढी वारीला निघाली नव्हती. पाणी पोचलं याचं आबाजींना समाधान होतं. पण रस्त्याकडेला उभ्या राहून लोटी-लोटी पाणी पाजणाऱ्या बाया यंदा कुठं उभ्या असतील, हे त्यांनी दोनदा विचारलं.

सप्टेंबरात इंग्लंडचा पुढचा हंगाम लागला, आणि तो जवळजवळ सगळाच रिकाम्या मैदानांवर खेळला गेला. त्यातून एक गोष्ट आकड्यांनी सिद्ध झाली. ३८० सामन्यांत यजमान संघ १४४ वेळा जिंकले आणि पाहुणे १५३ वेळा. इंग्लंडच्या सर्वोच्च लीगच्या शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासात पाहुण्यांचे विजय पहिल्यांदाच जास्त भरले. मैदान तेच, गवत तेच, कपडे बदलायची खोली तीच. गेला होता फक्त कडेचा माणूस. घरच्या मैदानाचा फायदा म्हणून जे काही होतं, त्यातला मोठा वाटा त्याच्या घशातला निघाला. गर्दी पंचालाही नकळत झुकवते असं अभ्यासक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. आबाजींना मात्र हे ऐकून नवल वाटलं नाही. दुसऱ्या गावच्या दंगलीत गेलं की अर्धं बळ वेशीवरच उतरतं, हे त्यांनी स्वतः लंगोट कसून अनुभवलं होतं.

नोव्हेंबरात आमच्या घरात संध्याकाळचे साडेसात ही नवी वेळ आली. इंडियन सुपर लीगचा सगळा हंगाम गोव्यात भरवला होता, प्रेक्षकांविना. टाळेबंदीनंतर भारतात झालेली ही पहिली मोठी क्रीडास्पर्धा. आयपीएल त्या वर्षी आखातात गेली होती. अकरा संघ, एकशे पंधरा सामने, तीन मैदानं: मडगावचं फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. टिळकांचं नाव ऐकून आबाजी सरसावून बसले. प्लेगच्या सालातल्या लिखाणावरूनच तर १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला, हे त्यांना शाळेपासून पाठ.

सगळे संघ आपापल्या हॉटेलात कोंडून घेतलेले. हॉटेल, सराव, सामना, पुन्हा हॉटेल, सारखी तपासणी, घरच्यांशी फोनवर बोलणं. मुंबई सिटीच्या संघात गोव्याचाच मंदार राव देसाई होता. तो आपल्याच मुलखात, पण कडं तोडून घरी जाता येत नव्हतं. आमचा पोरगा त्या संघाचा पक्का पाठीराखा झाला. मँचेस्टर सिटीच्या मालकांनी २०१९ मध्ये मुंबई सिटीचा मोठा हिस्सा घेतला होता, त्यामुळे इंग्लंडातला आपला वैरीच मुंबईत आपला झाला म्हणून तो आधी जरा अडखळला. पण मुंबई ती मुंबई.

अंतिम सामना १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यात झाला. इंग्लंडची लीग थांबली त्याला बरोबर एक वर्ष. समोर एटीके मोहन बागान. १-१ अशी बरोबरी असताना, पहिला अर्ध संपत आला तेव्हा, मुंबईचा तरुण बचावपटू अमेय रानवडे चेंडूसाठी झेपावला आणि समोरच्या खेळाडूवर आदळून कोसळला. उठला नाही. दोन्ही संघांचे खेळाडू हात हलवून डॉक्टरांना बोलावत होते. भरल्या मैदानात अशा वेळी हजारो माणसं एकदम गप्प होतात आणि त्या गप्प होण्यातही काही आधार असतो. इथं गप्प व्हायलाही कोणी नव्हतं. रुग्णवाहिका मैदानात आली. आबाजी पुढे वाकून म्हणाले, "त्याची माय पाहत असन ना टीव्हीवर?" रानवडे शुद्धीवर आहे, बरा आहे, ही बातमी येईपर्यंत आम्हाला पुढच्या खेळात गोडी वाटली नाही. शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगनं गोल केला आणि मुंबईनं २-१ असा चषक घेतला. साखळीत अव्वल आल्याची ढाल आणि चषक, दोन्ही एकाच हंगामात.

तोपर्यंत आमच्याकडे दुसरी लाट येऊन आदळली होती. सगळा देश सुटल्यासारखा वागत असताना अमरावतीत फेब्रुवारीच्या २२ तारखेपासून पुन्हा टाळेबंदी लागली आणि अकोला जिल्ह्यातही कडक निर्बंध आले. विषाणूचं जे नवं घराणं महाराष्ट्रात आधी ओळखलं गेलं, त्याचीच एक शाखा पुढे डेल्टा म्हणून जगभर गेली. एप्रिल आणि मे याबद्दल मी फार लिहिणार नाही. आमच्या आळीतली दोन माणसं गेली. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील गेले. रोज रात्री आबाजी विचारायचे, आज कोण? आणि मी एका वहीत नावं लिहून ठेवायला लागले. ते मी त्यांच्याच सांगण्यावरून केलं. "ल्हून ठेव बाई. मांगच्या वेळी कोनी ल्हेलं नाही."

११ मे ला मँचेस्टर सिटी इंग्लंडचा विजेता ठरला आणि २३ मे ला शेवटच्या दिवशी त्यांच्या मैदानात दहा हजार माणसांना प्रवेश मिळाला. सर्जिओ अग्वेरोचा निरोपाचा सामना, त्यानं दोन गोल केले. आम्ही कडक निर्बंधांत घरात बसून तो पाहिला. कुंपणापलीकडून येणारा माणसांचा खरा आवाज वर्षभरानंतर ऐकला. आबाजींनी पहिल्यांदाच आवाज वाढवायला सांगितलं, आणि त्या रात्री त्यांनी वस्तादाची उरलेली गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत मी पूर्ण ऐकली नव्हती.

१९१९ ची नागपंचमी. आमच्याकडे नागपंचमीला कुस्त्या व्हायच्याच. वस्तादानं दवंडी दिली नाही, कारण दवंडी देणारा उरला नव्हता. त्यानं घरोघर जाऊन सांगितलं. जोडी लागण्याजोगे गडी मोजकेच होते. आबाजींचे वडील त्यातले एक, अंग अजून भरलेलं नाही. पण आखाड्याभोवती माणसं किती जमली! कुस्तीकडे कधी न फिरकलेल्या बायासुद्धा आल्या आणि लांब लिंबाखाली उभ्या राहिल्या. ज्यांची पोरं गेली होती त्याही. कोण उरलं ते पाहायला आल्या होत्या, असं आबाजींच्या वडिलांना वाटायचं. नवा गडी मातीत उतरला की वस्ताद त्याच्या घराचं नाव मोठ्यानं घ्यायचा, आणि ज्या घरातून कोणी उतरणार नव्हतं त्या घरांचीही नावं त्यानं त्याच आवाजात घेतली. मग जोड लावली. कोण जिंकलं ते आबाजींच्या वडिलांनी सांगितलं नाही. माती मऊ होती, एवढं सांगितलं.

मार्च २०२२ मध्ये सुपर लीगच्या अंतिम सामन्याला फातोर्ड्याचं मैदान पूर्ण उघडलं. हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. केरळातून पिवळे सदरे घातलेली माणसं लोंढ्यानं गोव्यात आली. पडद्यावर जिकडे पाहावं तिकडे पिवळं. केरळनं आधी गोल केला. सामना संपत आला असताना गोव्याच्याच साहिल तावोरानं लांबून फटका मारून बरोबरी साधली, आणि पेनल्टीत वास्कोच्या लक्ष्मीकांत कट्टीमणीनं तीन फटके अडवले. हैदराबाद जिंकलं. कॅमेरा रडणाऱ्या पिवळ्या माणसांवर फिरत होता. सत्त्याऐंशीचे आबाजी हसत होते.

"हारले त हारले, पन आल्ते त," ते म्हणाले. मग नातवाला कामाला लावलं. ही माणसं केरळातून कशी आली, गाडी कोणती, किती तास लागतात, रात्री राहिली कुठं. पोरगा मोबाइलवर शोधून एकेक सांगत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "अकोल्याहून मडगावले सीधी गाडी हाये का?"